नळी कोरडी पडते तेव्हा

२३ जानेवारी १९५९. सकाळी आंघोळीच्या पाण्याची भट्टी पेटवायची होती. हे काम आयाचं, पण तिचा गुडघा थंडीनं धरला होता, म्हणून ती मीच पेटवली.

आमचं प्रसूतिगृह म्हणजे कापूस बाजाराच्या मागचं एक लांबट कौलारू घर. सहा खाटा, बाळंतपणाची एक खोली, स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीत ही भट्टी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यवतमाळहून यायचे. बाकीचे दिवस नर्स म्हणून मी आणि आया म्हणून मावशी, एवढाच कारभार. नवरा कचेरीतून घरी येऊन स्वतःचा चहा स्वतः करायला शिकला होता, म्हणून हा कारभार चालला.

भट्टी बांधली होती कापसातली सरकी काढायच्या जिनिंगच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या मिस्त्रीनं. उंच ओट्यावर लोखंडी टाकी. टाकीच्या तळातून निघालेली अंगठ्याएवढी जाड तांब्याची नळी खाली भट्टीत शिरायची, जाळाभोवती वेटोळी घेत वर चढायची आणि वरच्या बाजूनं बाहेर येऊन हौदात कढत पाणी सोडायची. टाकीखाली एक तोटी होती, धार कमीजास्त करायला. एका बाजूनं गार पाणी आत, दुसऱ्या बाजूनं वाफाळतं बाहेर, हंडे उचलायचे नाहीत, उकळतं पाणी घेऊन चालायचं नाही. ही भट्टी होण्याच्या आदल्या वर्षी मावशीच्या पायावर हंडा कलंडला होता. त्यामुळे तिच्यासाठी ही भट्टी म्हणजे देवच होता. तिला ती रोज हळदकुंकू वाहायची.

बायका आमच्याकडे येऊ लागल्या त्याही या पाण्यामुळे. स्वच्छतेवर मी गावोगाव जाऊन बोलले होते. उकळलेली कात्री, निर्जंतुक दोरा, सगळं समजावून सांगितलं होतं. बायका माना हलवायच्या आणि बाळंतपण घरीच करायच्या. मग कुठून तरी बातमी पसरली की इथे ऐन पौषात बाळंतिणीला हवं तेवढं कढत पाणी मिळतं, लाकूड आपलं घालावं लागत नाही. त्या हिवाळ्यात खाटा कमी पडल्या. मला त्याचा राग आला नाही. पाण्यासाठी आल्या तरी कात्री माझीच वापरली जात होती.

त्या आठवड्यात तिसऱ्या खाटेवर बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक सून होती. सोबत तिची सासू. तांडा दिग्रसच्या रस्त्याला, गाडीवाटेनं अर्ध्या दिवसावर. सुनेची आधीची दोन मुलं जन्मून आठवडा पुरा व्हायच्या आत गेली होती. दोघांचंही सारखंच. तोंड मिटायला लागलं, दूध घेईना, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. हा धनुर्वात नाळेतून शिरतो हे मला ठाऊक होतं. नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख लावायची, ही तिथली रीत. सासूनं दोन्ही वेळी ती आपल्या हातानंच केली होती. बाहेरचं लागलं असं ती म्हणायची, पण तिसऱ्या वेळी तिनं स्वतः गाडी जुंपायला लावून सुनेला इथे आणलं, यावरून तिच्या मनात काय होतं ते मी ओळखलं होतं. मुलगा झाला, चांगला झाला. कात्री उकळलेली, नाळ कोरडी. आता ती गळून पडेपर्यंत मूल माझ्या नजरेखाली राहायला हवं होतं. मला एवढंच हवं होतं. तांड्यावर गेलं की कोणी ना कोणी राखेची चिमूट लावणारच.

सासू राहायला तयार झाली होती ती एका अटीवर. सुनेला रोज सकाळी कढत पाण्यानं, कंबर शेकून, नीट आंघोळ.

"पानी कमी पडलं तं मी थांबत नाही, बाई. आधीच सांगून ठेवतो," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"कमी पडणार नाही," मी म्हणाले होते.

आता भट्टीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुरुवातीला माझा समज असा की जाळ जितका मोठा तितकं पाणी जास्त कढत. काही अंतरापर्यंत ते खरं होतं. पण एका मर्यादेनंतर लाकूड वाढवलं की पाणी उलट बिघडायचं. धार तुटायची, नळी गुरगुरायची, तोंडातून वाफेचे फवारे आणि मध्येच चमचाभर पाणी. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, नळीत पानी हाय म्हून नळी वाचते असं नोका समजू. पानी नळीच्या आंगाले लागून राह्यलं पायजे. जाळ जास्त झाला का वाफ मधात घुसते. मंग पानी मधून जाते अन् नळी कोरडी जळते."

"पाणी आत असताना कोरडी?"

"व्हय जी. आमच्या बॉयलरचंबी तसंच."

ते मला पटलं नाही. पटलं दोन दिवसांनी घरी भाकरी करताना. तवा तापला का बघायला आपण पाण्याचा थेंब टाकतो. चर्र करून उडाला की तवा बरोबर. पण तवा विसरून फारच तापला असेल तर थेंब उडत नाही. गोळी होतो आणि तव्यावर इकडून तिकडे पळत राहतो, बराच वेळ. तवा लाल व्हायला आलेला आणि थेंब मजेत. त्याच्याखाली वाफेची गादी असते, तो तव्याला शिवतच नाही. नळीच्या आत हेच होत असणार. मी मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "आता तुमीच या जिनात. मी तवा सांभाळतो."

म्हणून आमचा नियम ठरला होता. धार जेवढी तेवढाच जाळ. धार बारीक केली तर लाकूड ओढून घ्यायचं. जळण बाभळीचं, ते शांत जळतं. पऱ्हाटी फक्त पेटवणाला, मूठभर. कपाशीची वाळलेली झाडं भडकतात म्हणजे अशी, की जाळ थेट वरच्या वेटोळ्याला चाटतो. आणि वरचं वेटोळं सगळ्यात नाजूक, कारण तिथपर्यंत पोचताना पाणी उकळायच्या बेतात आलेलं असतं. महिन्यातून एकदा नळीत गाळलेला चिंचेचा कोळ भरून ठेवायचा, म्हणजे आमच्या जड पाण्याचा पांढरा थर सुटतो. एवढं केलं की भट्टी बिनतक्रार चालायची.

त्या सकाळी मी तोटी नेहमीच्या खुणेवर ठेवली, बाभूळ लावली, मावशीला समोर पाटावर बसवलं आणि बाळांच्या नाळी बघायला आत गेले. तिसऱ्या खाटेवरच्या बाळाची नाळ काळी पडून सुकत आली होती. वास नाही, लाली नाही. मी पुन्हा एकदा बघितली. सून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चांगली आहे," मी म्हणाले.

तिनं बाळाला पदराखाली ओढून घेतलं. तिचं बोलणंच कमी होतं.

तेवढ्यात मला भट्टीचा आवाज बदललेला ऐकू आला. रोज ती वरणाला उकळी आल्यासारखी बोलायची. आता धप, धप. मी हातातला बोळा ठेवला. मग धप धपही थांबलं. काहीच आवाज नाही. त्यानं मी घाबरले आणि पळतच मागे गेले.

मावशी उभी होती. भट्टीत पऱ्हाटीचा भडका. नळीच्या तोंडातून पाणी नाही, नुसती फिकट वाफ.

"कोणी घातली पऱ्हाटी?"

"मीनं. पानी कमी येऊन राह्यलं होतं, बाई. म्हून जाळ केला."

मी वाकून भट्टीच्या तोंडातून बघितलं. वरचं वेटोळं एका बाजूला बिडीच्या टोकासारखं लाल झालं होतं. वर बघते तो मावशीचा हात टाकीच्या तोटीवर. ती धार पूर्ण सोडायच्या बेतात होती.

"हात काढा! तोटीला हात लावू नका!"

"अवो, पानी नाही म्हून तं..."

"काढा म्हणते ना!"

तापलेल्या नळीत एकदम पाणी गेलं तर ते पाणी राहत नाही, क्षणात वाफ होऊन नळी फोडतं. मी लोखंडी फावड्यानं सगळं जळण बाहेर ओढलं. माझ्या पदराला ठिणगी लागली, ती मी हातानं चोळली. मावशी लंगडत भिंतीला जाऊन टेकली. आपोआप थोडं पाणी वर झिरपलं असावं, कारण जाळ काढल्यावर थोड्या वेळानं फट् असा आवाज झाला आणि भट्टीच्या तोंडातून राखेसकट वाफेचा लोट आला. आम्ही दोघी बाजूला होतो. कोणाला लागलं नाही.

मावशी रडायला लागली. तिला रडायला वेळ होता. मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीवर पातेलं चढवलं. पाच बाळंतिणी आणि एक चूल.

सासू दारात येऊन उभी होती. नाकात मोठी नथनी, हातभर बांगड्या, कमरेवर हात.

"फुटलं?"

"फुटलं."

"मंग आमी जातो. संध्याकाळी लेक कापूस घेऊन बाजारात येनार हाय. रिकाम्या गाडीत बसून जातो."

"आज नाही. नाळ पडू दे."

"तुमी सांगतलं होतं पानी कमी पडनार नाही."

खरं होतं. मी चुलीकडे वळले. पातेल्यात पाणी कधी उकळतं ते बघत राहिले, आणि त्या दिवशी ते लवकर उकळतच नव्हतं.

मिस्त्री गावात नव्हता. मुकुटबनला मुलीकडे गेला होता, दुपारच्या मोटारीनं येणार असं कारखान्याच्या फाटकावर कळलं. मी फाटकावरून मोटार स्टँडवर गेले. मोटारीला वेळ होता. परत आले. एका बाळंतिणीला पातेलंभर पाण्यानं आंघोळ घातली, ती कुरकुरली. पुन्हा पातेलं ठेवलं. पुन्हा स्टँडवर गेले. चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "बाई, कोनाले घ्याले आल्या?" मी म्हणाले, "मिस्त्रीला." तो म्हणाला, "बरं हाय बाप्पा, आता मिस्त्रीलेबी बाया घ्याले येतात." मी परत फिरले. मला बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं. एवढ्याशा चुलीवर पाच जणींचं पाणी होत नाही हे मला सकाळीच कळलं होतं, तरी मी पातेल्यावर पातेलं चढवत होते.

सासूनं गाठोडं बांधायला घेतलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आधीची दोघं कोणत्या दिवशी गेली?"

तिनं गाठ आवळली. "कायले इचारता?"

"आज चौथा दिवस आहे. अजून थोडे दिवस थांबलात तर..."

"बाई, मले मोजता येते." मग दुसरी गाठ मारत म्हणाली, "थंडीत बाळंतीन गारठली तं तिचं आंग आयुष्यभर दुखते. मी नव बाळंतपनं केली माह्या पोटची. तुमी किती केली?"

"एकही नाही," मी म्हणाले. मला मूल नव्हतं आणि ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि गाठोडं बांधणं चालूच ठेवलं, पण हळू.

मिस्त्री आला तो स्टँडवरून थेट पिशवीसकट. भट्टीत डोकं घालून बघितलं, चुकचुकला आणि करवतीनं नळी कापायला बसला. वरचं वेटोळं बोटभर लांब फाटलं होतं, कडा पातळ होऊन बाहेर वळलेल्या. आतमध्ये पांढरा थर होता, पण फार नव्हता. चिंच वेळेवर पाजलेली होती.

"थरानं नाही गेली ही," तो म्हणाला. "पानीच आलं नाही तिच्यापर्यंत."

"तोटी खुणेवरच होती. मी स्वतः लावली."

त्यानं खालचं, पहिलं वेटोळं सोडवलं आणि जमिनीवर आपटलं. काही पडलं नाही. मग लांब तार आत घातली, फिरवली, ओढली. तारेबरोबर हिरवट काळ्या लगद्याचा बोळा आला. त्यानं हुंगला, माझ्यापुढे धरला. निर्गुडी. ठेचलेला पाला.

मी टाकीवर चढून झाकण काढलं. तळाशी तसल्याच लगद्याचा जाड थर.

"टाकीत पाला कोणी टाकला?" मी मोठ्यानं विचारलं.

"मीनं," सासू दारातून म्हणाली, अगदी सहज. "काल संध्याकाळी. नुसत्या पान्यानं काय होते बाई आंगाले? निर्गुडीशिवाय बाळंतिनीले पानी घालते का कोनी? मी तुमाले म्हटलं होतं, तुमी म्हटलं पानी चांगलंच हाय, काही नाही लागत. मंग मीनं पाह्यलं, पानी कुठून येते. तिथंच टाकला. सगळ्याच बायायले झाला असता."

मिस्त्री हसायला लागला. "अन् अख्खा टाकला असता तं वर तरंगला असता! ठेचला कायले, आजी?"

"ठेचल्याबिगर रस उतरते का? तुह्या मायनं तुले काय शिकवलं?"

मावशीनं रडणं थांबवलं होतं. तिच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला, कारण चूक आता एकटीची राहिली नव्हती. मी मात्र सासूला दोष देऊ शकले नाही. तिनं मला विचारलं होतं. मी घाईत नाही म्हणाले होते आणि ती काही नकार ऐकून घेणारी नव्हती. टाकी स्वतः पाहून, सगळ्या बायकांचा विचार करून, पाला दगडावर ठेचून तिनं तो ओतला होता. धार बारीक झाली. धार बारीक झाली म्हणून मावशीनं जाळ वाढवला. बाकी सगळं नळीनं केलं.

"कधी होईल?" मी मिस्त्रीला विचारलं.

"फाटकं वेटोळं कापून काढतो. जोड जिनातल्या भट्टीवर नेऊन मारा लागते. उद्या संध्याकाळपर्यंत. एक वेटोळं कमी राहीन, धार जरा मोठी ठेवा, जाळ कमी. अन् टाकीच्या तोंडाले जाळी बसवून देतो." मग सासूकडे बघून, "बारीक जाळी."

उद्या संध्याकाळ म्हणजे उद्या सकाळी पाणी नाही. आणि गाडी आज येणार होती.

ती आलीही. कापूस खाली करून, बैलांच्या शिंगांना धूळ. मुलगा फाटकाशी उभा राहून आईला हाक मारत होता. "याडी!" सासूनं गाठोडं उचललं. सुनेच्या खाटेशी गेली. "उठ."

सून उठली नाही. बाळाला पदराखाली घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "याडी, दोघं घरीच झाले होते."

बाकी काही नाही. त्यांच्या बोलीत नाही, मराठीत बोलली, बहुतेक मला कळावं म्हणून. सासू तशीच गाठोडं घेऊन उभी. मला वाटलं हीच वेळ आहे, आणि मी मागचापुढचा विचार केला नाही.

"अंगणात तीन दगड मांडा," मी म्हणाले. "मोठा हंडा देते. पाला घाला, ठेचून घाला, काय हवं ते घाला. पाचही जणींचं पाणी उद्या तुम्ही करायचं. माझ्या टाकीत मात्र काही टाकायचं नाही. आणि नाळेला हात लावायचा नाही, राख नाही, काही नाही. ते माझं."

"पाचही?"

"पाचही."

तिनं हंड्याकडे बघितलं. मग अंगणाकडे, वारा कुठून येतो ते.

"लाकूड?"

"बाभूळ आहे."

"पाला कोन आनीन? तांड्यावरून आनलेला सरला. मले इथला नाला माहीत नाही, अन् हे..." तिनं मावशीच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.

"मी आणते."

"तुमी?" तिला हसू आलं. "तुमाले निर्गुडी ओळखता येते?"

"येते."

तिनं फाटकाशी जाऊन मुलाला काहीतरी सांगितलं. तो कुरकुरला, तिनं दोन शब्दांत गप्प केलं. रिकामी गाडी खडखडत गेली. आत येऊन तिनं गाठोडं सोडलं आणि दगड शोधायला लागली. मी पडवीत जाऊन उभी राहिले. मग टाकी रिकामी करून घासली.

मूल जगलं. नाळ पडली, दोन दिवस मी आणखी ठेवून घेतलं, मग पाठवलं. पुढे त्याला दृष्ट लागू नये म्हणून लसणाच्या पाकळ्या बांधल्या का काय केलं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेतात मी डोक्याला मफलर बांधला, विळा घेतला आणि जिनाच्या मागच्या नाल्यावर गेले. दव एवढं की लुगडं पोटरीपर्यंत भिजलं. निर्गुडीचे डहाळे छाटून मोठा भारा केला आणि डोक्यावर घेऊन आले. रस्त्यात दोघा-तिघांनी बघितलं, मी थांबले नाही. अंगणात तीन दगडांवर हंडा चढला होता, जाळ बेताचा होता. सासूनं भारा सोडला, एक पान चुरगाळून हुंगलं आणि बाजूला टाकलं.

"जून हाय सगळा. कवळा पायजे, शेंड्याचा."

मी विळा उचलला आणि परत नाल्यावर गेले.